पुण्याच्या थंडीपुरतं विणकाम

जगभरचे विणकामाचे नमुने बघत बसायला मला फार आवडतं, आणि त्यातले बहुतेक मी नुसते बघूनच सोडून देते. बर्फाच्या देशातल्या लोकांनी बर्फाच्या देशातल्या लोकांसाठी केलेले असतात ते. हनुवटीपर्यंत चढणारे जाड स्वेटर, कोपरापर्यंतचे हातमोजे, दुहेरी विणीच्या टोप्या. असलं काही घालून कोथरूडच्या बसस्टॉपवर उभी राहिले तर लोक आधी पाणी विचारतील आणि मग डॉक्टरचा नंबर शोधतील.

पुण्यात थंडीच नसते असं मी म्हणत नाही. १९३५ च्या जानेवारीत इथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. आजही डिसेंबर-जानेवारीत एखादा आठवडा असा येतो की सकाळचं तापमान एक आकडी होतं. पाषाण, एनडीएकडे तर आणखी खाली. पण त्याच दिवशी दुपारी २८-३० अंश असतात त्याचं काय? इथे असा कपडा हवा, जो सकाळी सातला टेकडीवर अंगात असेल, नऊला कमरेला असेल आणि अकराला पर्समध्ये. माझी सगळी आवडनिवड या वेळापत्रकावर ठरलेली आहे. बारीक धागा, बिनबाह्यांचा, पुढून उघडा, घडी केली की वहीएवढा. पूर्ण बाह्यांचा स्वेटर मी नवऱ्यासाठीसुद्धा विणत नाही. थंडीत रस्त्याकडेला तिबेटी लोकांचे स्टॉल लागतात, तिथे त्याला छान मिळतात.

आता धाग्यांबद्दल. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं अ‍ॅक्रिलिक असतं. विणकामातल्या शिष्ट मंडळींना त्याचं नाव काढलेलं चालत नाही. मला चालतं. माझं सगळं शिक्षण वर्धमानच्या गुंड्यांवर आणि पोनीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दहा नंबरच्या सुयांवर झालं. बाळाचं काही करायचं असेल तर आजही मी अ‍ॅक्रिलिकच घेते, कारण बाळाची आई आधीच अर्धमेली झालेली असते, तिला ‘हे गार पाण्यात हाताने धू, पिळू नकोस, सावलीत आडवं वाळव’ असं सांगणं म्हणजे छळ आहे. मशीनमध्ये टाकलं, संपलं. कसरही लागत नाही. पण मोठ्या माणसाच्या अंगात अ‍ॅक्रिलिक म्हणजे घामाची शिक्षा, कारण ते ओल शोषून घेत नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही, आणि पुण्यासारख्या अर्धवट थंडीत हाच गुण कामाचा. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर ते कायमचं लोळागोळा होतं, हेही लक्षात ठेवा. आणि गरम भांडी धरायची फडकी त्याची कधीच करू नका, ते वितळतं. त्यासाठी सुती दोरा.

सुती धाग्याशी माझं जमतं ते जून ते सप्टेंबर. पावसाळ्यात लोकर हातात घ्यावीशी वाटत नाही, कपाटातून काढली की कुबट वास येतो. मग मी ओट्यावरची हातपुसणी विणते, साध्या सुलट टाक्यांची, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चार ओळी होतात. सुती धाग्याला ताण नसतो, ही त्याची खोड. एक सुलट एक उलट अशी पट्टी लोकरीत ताणली की परत जागेवर येते, सुतात ती एकदा सैलावली की सैलावलीच. शिवाय जड. सुती जॅकेट गळ्यापासून मोजून विणलं आणि हँगरला लावलं, तर महिन्याभरात स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. म्हणून सुती कपड्याची पट्टी मी दोन नंबर बारीक सुईवर विणते आणि खांद्याला शिवण देतेच. गोल गोल विनाशिवणीचे कपडे कितीही चलतीत असोत.

मेरिनो मेंढीची लोकर महाग, पण वर्षातून एकदा मी घेते. तिचा तंतू २४ मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणून मानेला टोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर त्याहून कितीतरी जाड. तिचं घोंगडं होतं, खड्ड्याच्या मागावर विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं. ते पाऊस अडवतं, आणि वारीतल्या माणसाच्या खांद्यावर जितकं शोभतं तितकं कुठेच नाही. हातकताईचं असं काळं सूत मला एकदा मिळालं. गळ्याजवळ नेलं आणि लगेच खाली ठेवलं. मग जाड सुयांवर त्याची बसकरं विणली, बाल्कनीतल्या फरशीवर टाकायला. इतकं टिकाऊ काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

मखमली धागा, चमकीचा धागा आणि एका गुंडीत सात रंग असलेला मल्टी-शेड, हे तीन प्रकार मला घरात नकोत. मखमलीत टाका सुटला तर तो शोधायला बोटांना डोळे लागतात. आणि मल्टी-शेड दुकानात जितका सुंदर दिसतो तितका विणल्यावर कुणी पाहिलाय? मधेच एक जांभळा डाग, मधेच एक पिवळा. मला आपले साडीतले रंग आवडतात: आमसुली, शेवाळी, चिंतामणी, वांगी. दुकानात यातलं नाव घेतलं की जुना माणूस बरोबर गुंडी काढतो. नवा मुलगा मोबाइल पुढे करतो, ‘फोटो दाखवा.’

दुकानाचा विषय निघालाच आहे तर. मी रविवार पेठेत जाते. तिथल्या बोहरी आळीत बटणं, लेस, सुया सगळं एका फेरीत होतं. आता मंडईपर्यंत मेट्रो झाल्यामुळे गाडी कुठे लावायची हा प्रश्न मिटला. वनाझला बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि मंडईला वर यायचं. जाताना विणायचं, येताना नवी गुंडी हुंगायची. पण कुठल्याही दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, बाळाचं का?” केस पांढरे झाले तरी हा प्रश्न सुटलेला नाही, फक्त आता पुढे “नातू का नात?” जोडलं जातं. शेजारच्या काकूंनी मला सुया घेऊन बसलेलं पाहिलं की त्यांचा आवाज खाली येतो: “कुणाकडे गोड बातमी आहे गं?” मोजे विणतेय म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.

मोजे हे माझं खरं वेड. १०० ग्रॅमची मोजांची लडी, साधारण ४०० मीटर, त्यात पाऊण भाग लोकर आणि पाव भाग नायलॉन, कारण टाचेला नुसती लोकर टिकत नाही. अडीच मिलिमीटरच्या सुया, ६४ टाके. नमुन्यांमधले मोजे मात्र बुटात घालायचे असतात, आणि माझ्या सासूबाई घरात आणि दारात दोन्हीकडे चपला घालतात. त्यांना हवे होते अंगठ्याचे मोजे. बाजारात ते मिळतात, पण त्वचेच्या रंगाचे, नायलॉनचे, नखाला अडकणारे. म्हणून मी विणायला घेतले.

टाचेपर्यंत सगळं नेहमीचं. ६४ पैकी ३२ टाके घेऊन पुढे-मागे एक चौकोन विणायचा, त्यात एकाआड एक टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, म्हणजे मागून दोरा जातो आणि टाच दुप्पट जाड होते. मग खरी गंमत. चौकोनाच्या मध्यापलीकडे थोडं जायचं, दोन टाके एकत्र विणायचे, एक सुलट, आणि ओळ अर्धवट टाकून काम उलटवायचं. पलीकडूनही तेच. दर ओळीला एकेक टाका पुढे सरकत जायचं. चार-सहा ओळी काहीच कळत नाही, आणि मग त्या सपाट तुकड्याला एकदम वाटीचा खोलगटपणा येतो. इतके मोजे विणले तरी या जागी मी सुया खाली ठेवून त्यात अंगठा घालून बघते. ही टाच मेट्रोत कधीच वळवायची नाही, स्टेशन निघून जातं.

पुढे अंगठ्याच्या मुळाशी पोचलं की आतल्या बाजूचे २२ टाके वेगळ्या दोऱ्यावर काढून ठेवायचे आणि बेचक्यात चार नवे टाके घालायचे. उरलेले ४२ आणि हे चार, असे ४६ टाके चार बोटांसाठी. ते मिटवून झालं की दोऱ्यावरचे २२ परत सुईवर, बेचक्यातून चार उचलायचे, २६ टाक्यांचा अंगठा. टाके आतल्या बाजूचे काढायचे असल्यामुळे या मोजांना डावा-उजवा असतो. चपलेचा पट्टा घासतो तो नेमका बेचक्यात, म्हणून तिथे मी एक नायलॉनचा बारीक दोरा जोडीला घेते.

सासूबाईंनी ते घालून घरभर चक्कर मारली, चपलेत पाय सरकवून बघितला आणि म्हणाल्या, “बरे झालेत. रंग जरा उजळ चालला असता.” सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाकडून याला पदक समजायचं. पुढची जोडी त्यांनीच फर्मावली आहे, डाळिंबी.

विणकाम घालून मिरवायची पुण्यातली एकमेव जागा म्हणजे सवाई, आपला सवाई गंधर्व संगीत महोत्सव. १९५३ पासून चाललेला हा उत्सव डिसेंबरात, उघड्यावर. रमणबागेत व्हायचा तेव्हाही आणि आता मुकुंदनगरला होतो तेव्हाही संध्याकाळी गवतातून गारवा वर येतो आणि सगळ्या शाली बाहेर निघतात. मी तिथे ऐकायलाही जाते आणि शाली बघायलाही. हातात गोल सुई असते, म्हणजे कोपर शेजाऱ्याला लागत नाही. विलंबित चालू असताना साधे सुलट टाके फार सुरेख पडतात. द्रुत सुरू झालं की मी सुया पिशवीत टाकते, कारण हात आपोआप धावतो आणि टाके आवळले जातात. एकदा शेजारच्या आजींनी कानाशी येऊन विचारलं, “मात्रा मोजताय की टाके?” दोन्ही, म्हटलं.

थंडी सरली की लोकरीचं सगळं धुऊन, ऊन दाखवून परत बंद पिशव्यांत. डांबराच्या गोळ्यांचा वास मला सहन होत नाही. कसरीची भीती आहेच, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी सगळं उलथून झटकते.

“ऑर्डर घेता का?” हे हल्ली फार विचारलं जातं. मोजांची एक जोडी व्हायला अठरा-वीस तास जातात. तासाचे शंभर रुपये धरले तरी दोन हजार, लोकरीचे वेगळे. एवढं सांगितलं की समोरची व्यक्ती फोटो छान आलाय म्हणते आणि विषय संपतो. टोपडं मात्र मी कुणालाही करून देते, फुकट. अट एकच, रंग मी निवडणार. गुलाबी नाही, आकाशी नाही. सध्या वरच्या मजल्यावरच्या बाळासाठी आमसुली सुईवर आहे. त्याची आजी काल जिन्यात भेटली आणि फार सांभाळून म्हणाली, “अगं, हा रंग बाळाला जरा मोठा नाही का वाटत?”

बाळ मोठं होईल की, म्हटलं.