इटोशा: इंजिन बंद करा आणि बसून राहा

नामिबियातल्या इटोशा राष्ट्रीय उद्यानाच्या अँडरसन गेटवर गाडीचा नंबर आणि माणसं किती एवढं लिहून घेतात आणि मग तुमचं तुम्ही. गाईड नाही, जिप्सी नाही. नामिबियात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे भाड्याची गाडी चालवताना दडपण येत नाही. उद्यानात वेगमर्यादा ताशी ६० किमी आहे, पण पांढऱ्या धुळीच्या खडीच्या रस्त्यांवर आम्ही चाळिशीच्या वर क्वचितच गेलो.

आकार सांगितल्याशिवाय अंदाज येणार नाही: २२,००० चौरस किमीहून जास्त. त्यातले सुमारे ४,८०० म्हणजे ‘पॅन’, मिठाचं पांढरंफटक कोरडं पात्र. मे ते ऑक्टोबर पाऊस नसतो. आडरानातली डबकी आटतात आणि सगळी जनावरं पॅनच्या दक्षिण काठावरच्या पाणवठ्यांवर येतात. म्हणून इथे जनावर शोधत हिंडण्यात अर्थ नाही. पाणवठा निवडायचा, गाडी नीट लावायची, इंजिन बंद करायचं. ताडोबात ‘तिकडे दिसलाय’ असं कानावर आलं की सगळ्या जिप्स्या सुसाट सुटतात. त्याची सवय असलेल्या नवऱ्याला हे पहिल्या दिवशी अजिबात पटलं नाही. ‘अजून किती वेळ?’ हे मी सकाळभर ऐकलं.

ओकाकुएयो कॅम्पजवळच्या नेब्राउनी पाणवठ्यावर आम्ही थांबलो होतो. झेब्रे पाण्यात गुडघाभर उतरून एकमेकांना लाथा झाडत होते, स्प्रिंगबॉक हरणं कडेकडेने. एक जिराफ आला आणि पाण्यापासून वीसेक पावलांवर नुसताच उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चारही दिशा बघून झाल्यावर काठाशी आला, पुढचे पाय थोडे फाकवले, पुन्हा सरळ झाला. पुन्हा फाकवले. एवढ्या उंच जनावराला मान खाली घातली की पळता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असावं. शेवटी तोंड पाण्याला लागलं, चार घोट झाले, आणि कुठेतरी झेब्रा फुरफुरला तसा तो झटक्यात उसळून मागे! तोंडातून पाण्याची धार उडाली. परत पहिल्यापासून सगळं सुरू.

मग मोपेनच्या झुडपांतून हत्ती आले. इथल्या चिखलाने ते अगदी चुना फासल्यासारखे दिसतात. शेवटचे शंभरेक मीटर पिल्लांसकट अक्षरशः धावत आले, आणि पाणवठा दोन मिनिटांत रिकामा झाला. झेब्रे काठावर रांगेत ताटकळत उभे. मोठी हत्तीण पाणी पिऊन झाल्यावरही मुद्दाम कान फडकावून त्यांना दूर ठेवत होती. दांडगाई सगळीकडे सारखीच. ‘अजून किती वेळ?’ हा प्रश्न त्यानंतर आला नाही.

गाडीतून उतरायला सक्त मनाई आहे. रस्त्यावर मोजक्याच ठिकाणी कुंपण घातलेली स्वच्छतागृहं आहेत, तेवढ्यासाठीच उतरता येतं. आजूबाजूचं गवत आधी नीट न्याहाळून. तेव्हा चहा बेतानेच प्यावा. सूर्यास्ताला कॅम्पची फाटकं बंद होतात, त्या आत पोचायचंच.

रात्रीची सोय मात्र ओकाकुएयोत झकास आहे. कॅम्पच्या कुंपणालगतच्या पाणवठ्यावर रात्रभर मंद दिवे असतात, अलीकडे बाकं. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसणाऱ्या मंडळींना हा प्रकार घरचाच वाटेल, फक्त इथे तो रोज असतो. जेवून आम्ही तिथे गेलो तेव्हा काळा गेंडा पिल्लासह पाण्याशी होता. दुसरी मादी आली तशी पहिली नाकातून मोठ्याने फुसफुसली, दोघी शिंगाला शिंग लावून उभ्या राहिल्या, आणि पिल्लू आईच्या पोटाखाली शिरायला बघत होतं, पण मावत नव्हतं.

सिंह? लांबून, झाडाखाली लोळणारे, शेपटीचं एक टोक. आफ्रिकेत रेडे बघायचे असतील तर दुसरं उद्यान बघा. इटोशात ते नाहीत.

जायचं असेल तर ओकाकुएयोतल्या खोल्या बऱ्याच महिने आधी घ्या, आणि पूर्वेकडच्या नामुतोनी कॅम्पातही एखादी रात्र ठेवा. तिथे जर्मनांनी बांधलेला पांढरा किल्ला आहे. नवऱ्याला किल्ला आवडला. मला जवळचा चुडोप पाणवठा.