तुम्ही विचारलंत म्हणून: मालिका आणि सरकार

मी करसल्लागार, त्यामुळे सोलापुरात ओळखीचे लोक दोन प्रश्न एकदमच विचारतात: रात्री बातम्या सोडून मालिका कशा बघवतात, आणि सरकार पैशाचा कारभार नीट करतंय का?

मालिका मी आवडीनं बघतो. आमच्या पूर्व भागात बायका घरी विड्या वळतात. शेजारच्या काकूंच्या मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूपानं आणि तंबाखू. नजर पानावर, कान टीव्हीवर. दोरा बांधेपर्यंत चार संवाद निघून जातात. मालिकेत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, ते अशा कानांसाठी बरंच आहे. सहा जण एकदम ओरडणारी चर्चा ऐकून काकूंना काय कळणार? माझी तक्रार वेगळी आहे. मालिकेतल्या घरात एवढी भांडणं होतात, पण मजुरी किती मिळाली, वाण्याचे किती राहिले, यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

आता सरकारचं. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. चांगलं झालं, पण आमच्या गल्लीत त्याचा उपयोग किती जणांना? इथं घाव बसले ते दुसरेच. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री ८ वाजता टीव्हीवर नोटबंदी जाहीर झाली, आणि रोखीवर चालणाऱ्या घरांचे हाल झाले. त्यातून सावरतोय तोवर जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला: विडीवर २८ टक्के, तेंदूपानावर १८. हातावर पोट असलेल्या धंद्यावर एवढा कर लावणं चूकच होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पानावर ५ टक्के झाला, आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून विडीवर १८. निर्णय योग्य, पण यायला आठ वर्षं लागली.

विडी तब्येतीला वाईट, वळणाऱ्यांच्याही छातीत तंबाखूची धूळ जाते. हा धंदा हळूहळू बंद व्हावा असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही. पण आधी या बायकांना दुसरं काम द्या. लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांनी घराला आधार होतो, पण ती काही मजुरी नव्हे. गणवेश शिवणारे कारखाने सोलापुरात आहेतच. लेकरांना टाकून जाता येत नाही म्हणून बायका घरात बसून वळतात. कारखान्याजवळ पाळणाघर आणि पूर्व भागातून वेळेवर बस, एवढी सोय सरकारनं केली तरी कितीतरी जणी उद्या शिलाईला जातील.