दहा महिने आधी

रविवारी फारमोरनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या, तो माझ्या कागदांवर ठेवला आणि कॉफीचे कप उचलायला त्या उठल्या. बोलल्या काहीच नाहीत. आज गुरुवार आहे. चार दिवस झाले तरी मिटलेला तो चष्मा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि नेमके काय बिघडले हे मला घरात कुणापाशी धड सांगताही येत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी त्यांच्या माहेरच्या घराण्याबद्दल सांगत होते. गेले आठ महिने जवळजवळ रोज रात्री, सगळे झोपल्यावर, मी डेन्मार्कमधल्या साल्लिंग भागातल्या त्या एका पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, जुन्या नोंदी वाचत आले आहे. किर्केबोग, म्हणजे चर्चची नोंदवही, डेन्मार्कच्या प्रत्येक पाद्र्याने ठेवलीच पाहिजे असा हुकूम 1645-46 सालचा आहे, पण सुरुवातीच्या काळात ज्याला जे सुचेल ते तो लिहीत असे. 1814 च्या सुमारास छापील रकान्यांच्या वह्या आल्या आणि एक मोठा शहाणा नियमही आला. एक प्रत पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारकुनाकडे, आणि दोन्ही प्रती रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. एक घर जळाले तरी दुसऱ्या घरात गावाची जन्म-मरणे शिल्लक राहावीत, ही त्यामागची काळजी. आज ती पाने राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. फक्त ती वाचता आली पाहिजेत. जुन्या गॉथिक वळणात ‘ई’ हे अक्षर हुबेहूब ‘एन’सारखे दिसते आणि ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या चंद्रकोरीवरून. माझ्या आजोबांना मोडी येत होती आणि मी ती शिकले नाही, याची हळहळ मला या वळणावर बोट फिरवताना पुष्कळदा वाटली.

तर 1842 सालच्या जुलै महिन्यातली एक नोंद आहे. मुलगा. आईच्या नावापुढे ‘अविवाहित, मोलकरीण’. मुलाच्या नावाआधी ‘उएग्ते’ हा शब्द, ज्याचा सरळ अर्थ ‘खरे नसलेले’ असा होतो. जन्मून चार दिवस झालेल्या मुलाला खरे नसलेले म्हणायला हात कसा धजावतो, हे मला अजून समजलेले नाही. पुढे वडिलांच्या जागी एका गडीमाणसाचे नाव आणि त्याआधी ‘उद्लाग्त’, म्हणजे आईने ज्याचे नाव सांगितले तो. आणि शेवटच्या रकान्यात, अगदी बारीक अक्षरांत, मुलाच्या जन्माआधी दहा महिने आई कुठे राहत होती याची नोंद. ही नोंद पाद्र्याने निव्वळ चौकशीच्या हौसेने केलेली नाही. अशी आई आणि तिचे मूल उद्या उपाशी पडले तर त्यांना पोसण्याचा भार कोणत्या पॅरिशने उचलायचा, ते त्यावरून ठरत असे. ती बाई तेव्हा शेजारच्या पॅरिशमधल्या एका मोठ्या शेतावर कामाला होती. शेताचे नाव स्पष्ट वाचता येते. बाकी पान फिकट आहे, पण ते नाव काल लिहिल्यासारखे काळे आहे.

तिचे पहिले नाव मी इथे लिहीत नाही. ती येन्सची मुलगी होती, म्हणून येन्सदातर. तेवढे पुरे.

मी त्या शेतावरची 1840 ची जनगणना काढली. शेतकरी, त्याची बायको, चार मुले, दोन मोलकरणी, दोन गडी. त्या दोघांतला एकही गडी या नावाचा नाही. मग मला जे सुचले ते कुणालाही सुचले असते, असे मी चार दिवस स्वतःला समजावत आहे. गडी खोटा असणार, खरा बाप तो शेतकरी असणार, मुलीला दुसऱ्याचे नाव घ्यायला लावले असणार. अशा गोष्टी घडत होत्या, हे खरेच आहे. पण मी ते रविवारी फारमोरच्या टेबलाशी, केकचा तुकडा हातात असताना, एखादा शोध लावल्याच्या आवाजात सांगितले. तो आवाज माझा मलाच आठवतो आहे, आणि सगळ्यात जास्त तोच छळतो आहे.

माझ्या हिशेबात ती सहा पिढ्यांपलीकडची, कागदावरची माणसे होती. फारमोरच्या हिशेबात तसे नव्हते. 1842 साली जन्मलेला तो मुलगा म्हणजे त्यांच्या आजोबांचा बाप. आणि त्या आजोबांच्या मांडीवर बसून त्यांनी घोड्यांची नावे पाठ केलेली आहेत. हे मी त्यांच्याच तोंडून किती वेळा ऐकले आहे.

घरी येताना गाडीत मला फार एकटे वाटले. एकोणीस वर्षे मी या घरातल्या टेबलाशी बसते आहे. ख्रिसमसच्या जेवणात जुन्या माणसांच्या गोष्टी निघाल्या की मी नेहमी ऐकणारी असते. कोण कुणाचा चुलता, कोणते शेत कधी विकले, हे मला दर वर्षी नव्याने कुणी तरी समजावून सांगायचे, आणि मी मान हलवायची. या आठ महिन्यांत पहिल्यांदाच असे झाले की त्यांना माहीत नसलेले काही मला माहीत होते. मी ते अक्षर शिकले, ‘त्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार’ अशा तारखा पंचांग लावावे तशा लावायला शिकले, आणि मला खरोखर असे वाटू लागले होते की हे घर आता थोडेसे माझेही झाले आहे. एक चष्मा मिटला आणि मी पुन्हा परकी झाले. परक्या बाईने दुसऱ्याच्या घरातला बंद पेटारा उघडला आणि आतली कापडे अंगणात पसरली, असे त्यांना वाटले असेल. माझ्या माहेरी कुणी असे केले असते तर माझ्या आईला काय वाटले असते? त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्यातल्या पुरुषांची नावे आहेत. माझ्या आजीचे लग्नाआधीचे नाव मात्र... पण तो विषय आज नको.

पेटारा उघडणे हा माझा अधिकार होता का, हा प्रश्न मी सोमवारी विचारला, मंगळवारी विचारला. नवरा म्हणाला, त्या विसरतील. त्यांनी विसरावे असे मला वाटत नव्हते. मी बरोबर आहे असे त्यांनी म्हणावे, असेही वाटत नव्हते. मग काय हवे होते, हे शोधायला मी मंगळवारी रात्री पुन्हा तीच वही उघडून बसले.

आणि तेव्हा लक्षात आले की मी अर्धीच वही वाचली होती.

जनगणना 1 फेब्रुवारी 1840 ची. मुलाचा जन्म 1842 च्या जुलैमधला, म्हणजे प्रश्न आहे तो 1841 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचा. मधे जवळजवळ पावणेदोन वर्षे गेली. शेतावरचे गडी आणि मोलकरणी वर्षातून दोन ठरलेल्या दिवशी, 1 मे आणि 1 नोव्हेंबरला, मालक बदलत असत. 1840 च्या यादीत जो गडी नाही तो 1841 मध्ये नव्हताच, असे मी म्हटले कसे? या अभ्यासात पहिल्या महिन्यातच कुणीही शिकतो ती ही गोष्ट आहे. मलाही ती माहीत होती. रविवारी सांगायला काही तरी हवे होते, म्हणून मी ती विसरले.

त्या काळी पॅरिशमध्ये राहायला येणाऱ्यांची आणि सोडून जाणाऱ्यांची यादी किर्केबोगच्या शेवटी लिहीत. पाद्र्याच्या प्रतीत ही पाने ओल लागून तपकिरी झाली आहेत, म्हणून मी ती पूर्वी सोडून दिली होती. कारकुनाच्या प्रतीत ती स्वच्छ आहेत. तिथे तो गडी आहे. 1 नोव्हेंबर 1840 ला आला, वय 24, त्याच शेतावर कामाला. आणि जाणाऱ्यांच्या यादीत, 1 नोव्हेंबर 1841 ला, दक्षिणेकडच्या एका पॅरिशमध्ये गेला. तो गेला तेव्हा येन्सदातरला स्वतःला तरी कळले होते की नाही, कोण जाणे.

नाव मिळाल्यावर त्याला सैन्यभरतीच्या याद्यांत शोधणे अवघड नव्हते. शेतकऱ्यांच्या मुलग्यांची नावे त्या याद्यांत त्या काळी जन्मापासूनच चढत, प्रत्येकाला क्रमांक, आणि मोठा झाला की उंची. त्याच्या नावापुढे ‘63 तोमर’ असे आहे, म्हणजे जवळपास 165 सेंटीमीटर. या माणसाबद्दल, तो होता आणि निघून गेला याखेरीज, मला कळलेली एवढी एकच गोष्ट. त्याच्या पहिल्या नावाला ‘सेन’ लागून त्या मुलाचे आडनाव झाले, पुढे आडनावे कायम झाली तेव्हा ते तसेच गोठले, फारमोरच्या माहेरचे नाव झाले, आणि आज ते माझ्या लेकीच्या नावाच्या मधोमध आहे. शाळेच्या प्रत्येक कागदावर मी ते स्वतः लिहिते. ज्या माणसाला मी रविवारी नव्हताच म्हणून सांगितले, त्याचे नाव मी तेरा वर्षे लिहीत आले आहे.

मंगळवारी रात्री मला रडू आले. काल उठले तेव्हा मन बरेच शांत होते. फारमोर रागावल्या असतील तर त्यांनी रागवावे. चूक माझी होती, आणि ती परकी असण्याची चूक नव्हती. या घरात जन्मलेल्या कुणी अशी घाई केली असती तरी चष्मा तसाच मिटला असता. एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदाच या घरातल्या माणसासारखी चुकले, असेही म्हणता येईल. मीसुद्धा एका नोव्हेंबरमध्येच या देशात आले, नगरपालिकेच्या खिडकीशी उभी राहिले आणि दहा आकडी क्रमांक घेऊन घरी गेले. येणाऱ्यांच्या यादीत माझीही एक ओळ आहे. ती पुढे कुणी वाचलीच, तर शेवटच्या पानापर्यंत वाचावी, एवढेच मागणे.

काल संध्याकाळी मी फोन केला. गडी खरा होता, मी चुकीचे बोलले, असे सांगितले. गडी तिथे होता म्हणून शेतकरी निर्दोष ठरतो असे नाही, आणि दोषी ठरवायला तर माझ्याजवळ काहीच नाही, हेही सांगितले. उंची सांगितली. फारमोरनी सगळे ऐकून घेतले. पलीकडे घड्याळाचे टोले पडले ते मला ऐकू आले. मग त्यांनी विचारले, “आणि तिचे पुढे काय झाले?”

मला उत्तर देता आले नाही. आठ महिने मी येन्सदातरच्या नोंदी वाचत होते. 1834 मध्ये चर्चमधली तिची परीक्षा झाली तेव्हा ज्ञान ‘चांगले’, वर्तन ‘फार चांगले’ असा शेरा आहे. देवी काढल्याची तारीख आहे, कारण त्याशिवाय त्या परीक्षेला बसूच देत नसत. 1845 च्या जनगणनेत मुलगा तिच्या आईवडिलांकडे, वय 3, आणि ती दुसऱ्या गावात कामाला. तिथवर मी आले आणि थांबले, कारण मला त्या मुलाचा बाप हवा होता. ती मला हवी होती ती फक्त बापाकडे जाण्याच्या वाटेपुरती. फारमोर कप उचलायला उठल्या त्या कशामुळे, ते मला त्या प्रश्नाने समजले असे वाटते. नक्की ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही.

आज जेवणे झाल्यावर 1850 ची जनगणना उघडली. लग्न झाल्यावरही इथल्या बायकांच्या नावापुढे या नोंदींत बापाचेच नाव राहते, नवऱ्याचे लागत नाही, म्हणून ती येन्सदातर या नावानेच शोधायची. तिच्या पॅरिशमध्ये नाही. तिच्या आईवडिलांच्या घरी नाही, आणि तिथे मुलगाही नाही, ते पाहून पोटात गोळा आला. शेजारचे पॅरिश, मग त्याच्या पलीकडचे. साडेअकराच्या सुमारास एका छोट्या खोपटाच्या नोंदीत ती सापडली. नवरा, थोडीशी जमीन असलेला मजूर. ती, वय 31, ‘त्याची बायको’. एक वर्षाची मुलगी, ‘त्यांची मुलगी’. आणि त्याखाली मुलगा, वय 8. त्याच्या ओळीत मी ‘उएग्ते’ शोधत होते. तो शब्द नाही. गणना करणाऱ्याने तिथे दोनच शब्द लिहिले आहेत, ‘हेन्स सोन’. तिचा मुलगा.

ते पान छापून काढले आहे. फारमोर रात्री उशिरापर्यंत जाग्या असतात, पण फोन उद्या सकाळी करीन.