बालदीतला कॅमेरा

म्हापशात घर असलं की डिसेंबरात धर्मशाळा चालवावीच लागते. कोल्हापूरच्या नणंदेचा फोन दिवाळीच्या आधीच आला. गाद्या किती आहेत वगैरे विचारून झाल्यावर म्हणाली, "वहिनी, पोरांना यंदा पाण्यात फोटो काढायचेत. स्वस्तातला वॉटरप्रूफ कॅमेरा सांग की. मी एक तीस मीटरवाला बघून ठेवलाय."

तीस मीटर! पोरं कमरेच्या वर पाण्यात गेली की लाइफगार्डच्या आधी हीच ओरडते.

तिला म्हटलं, आपला दर्या काही लक्षद्वीपचा नव्हे. मोरजी, आश्वे, कळंगुट, कुठेही जा, लाटा तळाची रेती ढवळत असतात आणि हातभर खाली गढूळ हिरवं दिसतं. बोटीने ग्रँड आयलंडला जाऊन बुडी मारली तर थोडे मासे दिसतील, एवढंच. निकॉनचा डब्ल्यू ३०० तीस मीटरपर्यंत चालतो, फुजीचा एक्सपी १४० पंचवीस, ऑलिंपसचा टीजी ६ पंधरा. आपल्याला यातलं काय लागतं? निकॉनचाच डब्ल्यू १५० दहा मीटरचा आहे, पोरांच्या हातात द्यायला तो भरपूर झाला. ही सगळी जुनी मॉडेलं, त्यामुळे वापरलेली मिळतात. पैसे मोजायचेच तर टीजीसाठी मोजावेत, कारण त्याची लेन्स एफ २ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी आहे आणि सांजवेळी तिचा फरक दिसतो.

"मग फोनच नेऊ का? आयपी ६८ आहे, म्हणजे पाणी शिरत नाही म्हणतात."

ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली. आपली लाट खारी आणि थोबाडीत मारणारी. शिवाय पाणी शिरलं तर वॉरंटी सहसा हात वर करते. गळ्यात अडकवायचं प्लास्टिकचं पाउच होडीत बसायला ठीक. पाण्याखाली टचस्क्रीन बोटाचं ऐकत नाही, आणि आतली दमट हवा गार पाण्यात गेली की प्लास्टिकला वाफ धरते. गोप्रोसारखे ॲक्शन कॅमेरे दहा मीटर सहज झेपवतात, पण त्यांना लेन्सचा खरा झूम नाही. लांबचे रापणीचं जाळं ओढणारे त्यात मुंग्यांएवढे दिसतात.

खरं सांगायचं तर हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी केरीला सुरूच्या झाडांखाली बसून मी माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड बदललं. झाकण लावताना बारीकसं 'कर्र' झालं. मी लक्ष दिलं नाही. दहा मिनिटांत स्क्रीनला आतून धुकं आलं, मग जांभळ्या रेघा, मग काहीच नाही. घरी झाकण उघडलं तर त्या बारीक रबरी कडीवर रेतीचा एक कण, मोहरीच्या चौथाईएवढा. तेवढ्या फटीतून दर्या आत आला होता. तीन दिवस कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवला. कॅमेरा मेला तो मेलाच, त्या तांदळाची मात्र पेज झाली. दुरुस्तीवाल्याने बॅटरीच्या पितळी टोकांवरचा हिरवा थर दाखवला आणि पैसेही मागितले नाहीत, तेव्हाच समजले.

म्हणून नणंदेला सांगितलं, मीटर मोजू नकोस, ती रबरी कडी बघ. झाकणाला दुहेरी खटका आहे का ते बघ. वापरलेला घेतलास तर कडी बदलून मिळते का ते आधी विचार. नवीन कॅमेऱ्याचीसुद्धा वर्षाला एकदा बदलावी म्हणतात. पाण्यात नेण्याआधी बॅटरी आणि कार्ड काढून आत टिश्यू पेपरचा कपटा ठेवायचा, झाकण लावायचं आणि अर्धा तास गोड्या पाण्याच्या बालदीत बुडवायचं. कपटा ओला निघाला तर परत करायचा, भांडण होईल ते होईल. आणि तरंगणारा पट्टा हवाच. हे कॅमेरे दगडासारखे बुडतात, आणि त्या गढूळ पाण्यात भगव्या फोमशिवाय शोधणार कसे?

रेतीवर बसून झाकण उघडायचं नाही, हे मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

तिने डब्ल्यू १५० घेतला, वापरलेला, निळा. कपटा कोरडा निघाला. मोठ्या भाच्याने आश्व्याला पहिल्याच दिवशी दोनशेवर फोटो काढले, त्यातले निम्मे स्वतःच्या अंगठ्याचे. लेन्सवर थेंब राहू नयेत म्हणून बुडवण्याआधी काच जिभेने चाटायची हे त्याला मीच शिकवलं होतं. त्याच्या आईने ते पाहिलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

घरी आल्यावर कॅमेरा न उघडता बालदीत. पाण्यातच सगळी बटणं दाबायची, म्हणजे खाचांतलं मीठ सुटतं. मग मऊ फडक्याने पुसून पंख्याखाली, आणि पूर्ण सुकल्यावरच झाकण उघडायचं. रात्री हे सगळं भाच्याला समजावून मी भाकऱ्या थापायला गेले, तर मागच्या दारी सासूबाई तीच बालदी उचलून तुळशीकडे निघालेल्या.

"अगो, ह्या पाण्यात हे निळं काय पडलंय?"