तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांच्या फोटोतली पाटलोण शिवायची, तर टेलरला काय सांगायचं?

प्रश्न ठरलेला असतो. मोबाइलवर कुणाच्या तरी आजोबांचा १९४०च्या आसपासचा फोटो असतो. बंद केलेला कोट, बेंबीपर्यंत चढलेली ऐसपैस पाटलोण, पायाशी दुमड. "अशीच हवी, टेलरला नेमकं काय सांगू?"

फोटो दाखवून भागत नाही. टेलर फोटोत घेर बघतो आणि घेर वाढवून देतो. हातात येते ती नुसती ढगळ पँट. खरा फरक आसनात आहे, म्हणून बोलणं तिथूनच सुरू करा.

आजची पँट कमरेच्या हाडावर बसते आणि तिचं पुढचं आसन, म्हणजे जांघेतल्या शिवणीपासून कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं माप, ९ ते १० इंच भरतं. त्या काळच्या विलायती कटात ते १२ ते १३ असायचं. मध्यम उंचीच्या माणसाने साडेबारा धरावं. मागचं आसन त्याहून चारएक इंच जास्त. बहुतेक पाटलोणी इथेच बिघडतात: पुढचं आसन वाढवलं जातं, मागचं जुन्याच मापाने कापलं जातं आणि खुर्चीत बसलं की मागची पट्टी खाली ओढली जाते.

दुसरी चूक कमरेच्या मापाची. टेप सवयीने हाडावरच लागतो. तुम्ही एका कुशीला वाका; जिथे घडी पडते ती खरी कंबर. सडपातळ माणसाची कंबर हाडावर ३६ भरली, तर तिथे ३३-३४च भरते. ३६च्या मापाने शिवलेली पट्टी वर टिकत नाही, घसरून हाडावर येते आणि आसन गुडघ्याकडे लोंबतं. पोट सुटलेलं असेल तर उलट होतं, वरचं माप मोठं येतं. त्याला लाजून टेप आवळू नका. पोटाखाली पट्टा बांधण्यापेक्षा पोटावरून सरळ उतरणारं कापड कितीतरी चांगलं दिसतं.

एवढ्या वर पट्ट्याने पाटलोण धरून ठेवणं कठीण. म्हणून गॅलिस, म्हणजे पाटलोण खांद्यावरून पेलणारे पट्टे. चिमट्याचे गॅलिस घेऊ नका, ते कापड चावतात आणि ऐन वेळी सुटतात. बटणांचेच घ्या. एकूण सहा बटणं लागतात. पुढे प्रत्येक बाजूला दोन, त्यातलं पहिलं मुख्य प्लेटच्या (कमरपट्टीखाली घातलेल्या चुणीच्या) अगदी वर आणि दुसरं त्यापासून तीन इंचांवर कडेकडे. मागे मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचावर एकेक. पुढची पट्टीच्या आत लावा. मागची मात्र बाहेरून, नाहीतर खुर्चीत टेकून बसलं की पाठीला रुततात. कंबर एक इंच सैल ठेवायला सांगा. पाटलोण खांद्यावरून लोंबली पाहिजे, कमरेला आवळायला नको. मग पट्ट्याच्या लूपची गरजच उरत नाही. पाठीमागे पट्टी दीड-दोन इंच उंच घेऊन मध्ये माशाच्या शेपटीसारखी चीर ठेवली, तर वाकताना शर्ट सुटत नाही. गॅलिस नकोच असतील तर कडेला बटणाच्या पट्ट्या लावून घ्या. लंडनच्या डॅक्स या कपड्यांच्या ब्रँडने १९३४ साली पट्ट्याविना टिकणारी पाटलोण आणली ती याच विचाराने.

आता प्लेट. दोन हव्यात. पुढची सव्वा ते दीड इंच खोल, तीच खाली इस्त्रीच्या धारेत मिळते. दुसरी पाऊण इंचाची, खिशाजवळ. टेलरच्या हाताला सवय असते ती खिशाकडे तोंड असलेल्या प्लेटची. जुन्या इंग्लिश कटात तोंड आत, चेनकडे असतं, आणि ते स्पष्ट सांगावं लागतं. उभं असताना प्लेट मिटलेली असायला हवी. ती 'आ' वासत असेल, तर टेलर ती वरून दोन इंच शिवून टाकतो. हा उपाय नव्हे. दोष प्लेटचा नसतोच, सीट, म्हणजे बसायच्या भागावरचा घेर, कमी पडलेली असते. सीटच्या मापावर प्लेट सोडून किमान तीन इंच सैलपणा ठेवला, की प्लेटही मिटते आणि खिशाचे कानही उघडे पडत नाहीत.

मोहरी, म्हणजे पायाच्या टोकाचा घेर, १८ ते १९ इंच, गुडघ्याचा घेर २१-२२. वर दोन प्लेट आणि खाली १४ची मोहरी केली, की गाजर होतं.

दुमड पावणेदोन इंचांची. तिच्यासाठी तयार उंचीच्या खाली सव्वाचार ते साडेचार इंच कापड सोडावं लागतं, हे कापायच्या आधीच सांगा, नंतर इलाज नाही. याच जादा कापडापायी १९४२ साली ब्रिटनमध्ये युद्धकाळातल्या काटकसरीच्या नियमांनी दुमडीवर बंदी आणली होती आणि तिथल्या पुरुषांना ती भलतीच झोंबली होती. दुमड जमिनीला समांतर हवी. साध्या मोहरीसारखा मागे उतार दिला तर ती वाकडी दिसते. पावसाळ्यात तिच्यात चिखल साठतो. दोन्ही कडांना टाक्याऐवजी टिचबटण लावा, उलटून झटकता येते.

कापड ५८ इंच पन्ह्याचं दीड मीटर. दुकानदार सव्वा मीटर देऊ करतो, घेऊ नका. वजनाबाबत हट्ट धरा. हलकं, २०० ग्रॅमचं सूटिंग प्लेटमधून पडत नाही, फुगतं. लोकर असेल तर मीटरला २८० ते ३४० ग्रॅम, पिळदार धाग्याची आणि उघड्या विणीची. मुंबईच्या उकाड्यातही ती पायाला चिकटत नाही. कॉटन ड्रिल किंवा लिनन असेल तर कापायच्या आधी भिजवून वाळवून घ्या, कारण उंचीत इंचभर आटलं तर दुमड बुटाच्या वर लटकते.

ट्रायल कच्च्या टाक्यावरच घ्या, तीही गॅलिस चढवून आणि त्याच बुटांसह. मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे पुढे सैल करता येईल असं आत दडवलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. कोट नेऊन त्याचं मधलं बटण लावून बघा: बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण दिसत असेल, तर आसन अजून कमी आहे. मग टेलरच्या स्टुलावर बसा, उठा, खाली वाकून बुटाची नाडी बांधा. एवढं करूनही पट्टी जागेवर राहिली, तरच दुमड पक्की करू द्या.