तुम्ही विचारलंत म्हणून : वात कितीची लावू?

घरी मेणबत्त्या करणाऱ्यांचा वातीच्या जाडीबद्दलचा प्रश्न नेहमी एकाच साच्यातला असतो. "ताई, सोया मेण आहे, ग्लास सात सेंटिमीटरचा, लव्हेंडर घातलंय. वात कितीची लावू?" मी म्हणते, "जाळून बघा." समोरचा खट्टू होतो. त्याला वाटतं, हिला माहीत आहे, पण सांगायचं नाहीये. धंद्यातलं गुपित वगैरे. गुपित काही नाही हो. माझ्याकडे एक वही आहे, तिची पानं मेणानं तेलकट झाली आहेत, आणि तिच्यातही तुमच्या ग्लासचं उत्तर नाही. माझ्या ग्लासचं आहे.

मेणबत्तीत मेण जळत नाही, मेणाची वाफ जळते. ज्योत फुंकरीनं विझवा आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उडी मारून वातीवर येते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं १८६०-६१च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हेच करून दाखवलं होतं. म्हणजे वात हा एक पंप आहे. वितळलेलं मेण वर ओढायचं आणि ज्योतीला पुरवायचं, एवढंच तिचं काम. पंप मोठा झाला तर मेण इतकं येतं की जाळायला हवा पुरत नाही, मग काजळी. छोटा झाला तर ज्योत वातीभोवती साचलेल्या वितळल्या मेणाच्या तळ्यात बुडून मरते.

आता या पंपातून काय चढतंय ते बघा. सोया मेण म्हणजे हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. तसं ते कालपरवाचं, १९९०च्या दशकातलं. त्याचे रेणू जडशीळ, वर चढायला आळशी. पॅराफिन, म्हणजे नेहमीच्या मेणबत्तीतलं खनिज तेलापासूनचं मेण, सरसर चढतं. त्यामुळे जी वात पॅराफिनमध्ये ताठ जळते तीच सोयामध्ये अर्ध्या तासात मान टाकते. वर सुगंधी तेल, तेही शंभर ग्रॅम मेणाला सहा ते दहा ग्रॅम. एकदा मी एकाच दिवशी, एकाच भांड्यातलं मेण, एकसारख्या दोन ग्लासांत ओतलं. एकात लिंबाचा वास, दुसऱ्यात व्हॅनिला. वात तीच. लिंबाच्या ग्लासात तीन तासांत काठापासून काठापर्यंत तळं झालं. व्हॅनिलाच्या ग्लासात वातीभोवती खड्डा पडला आणि कडेला बोटभर जाडीची भिंत उभी राहिली. (व्हॅनिलाचं मेण महिनाभरात पिवळंही पडतं. तो व्हॅनिलाच्या वासातल्या व्हॅनिलिनचा गुण, तुमचा दोष नाही.)

तर चाचणी. मी ती कशी करते ते सांगते.

ओतल्यावर सोया दोन आठवडे झाकून ठेवायचं. गार झालं म्हणजे तयार झालं, हा पहिला गैरसमज. वरून घट्ट दिसलं तरी आत स्फटिक बसायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी जाळलेली मेणबत्ती आणि चौदाव्या दिवशी जाळलेली मेणबत्ती वेगवेगळी वागते. पॅराफिनला सहसा थोडे दिवस पुरतात. सोया-पॅराफिनच्या मिश्र मेणाला मात्र मी सोयाचाच नियम लावते, कारण घाई करून दोनदा फसले आहे.

मग वात पाच-सहा मिलिमीटरवर कापायची, ग्लास काट्यावर ठेवून वजन लिहायचं, वारा नसलेल्या जागी पेटवायचं आणि चार तास जाळायचं. दर तासाला तळं किती रुंद, किती खोल, ज्योत केवढी, नाचते की स्थिर, हे लिहायचं. चार तासांनी विझवून पूर्ण गार करायचं आणि परत वजन. माझ्या सात सेंटिमीटरच्या ग्लासात चार तासांत अठरा ग्रॅमच्या आसपास मेण गेलं की मी खूश असते. १८० ग्रॅमची मेणबत्ती, म्हणजे फार तर अशा दहा बैठका. दिवसाला दोन धरल्या तरी पाच दिवस. आधीचे चौदा मिळवा. "वात कितीची" या दोन शब्दांच्या प्रश्नाला उत्तर यायला जवळजवळ तीन आठवडे लागतात, ते असे.

पहिल्या बैठकीवरून बहुतेक जण निकाल लावतात, आणि तिथेच फसतात. पहिल्याच खेपेला तळं काठाला भिडलं की आपल्याला आनंद होतो. मला मात्र हल्ली धास्ती वाटते. ग्लास भरलेला असताना ज्योत जवळजवळ मोकळ्या हवेत असते. मेण खाली गेलं की तीच ज्योत विहिरीत उतरते: चारी बाजूंनी तापलेली काच, उष्णता बाहेर जायला वाट नाही, कडेला राहिलेलं मेणही वितळून खाली येतं. वर जेमतेम पुरणारी वात खाली चांगली पुरते. वर झकास जळणारी वात खाली भडकते. विझता दिवा मोठा होतो म्हणतात, तो तेल संपत आल्यामुळे. इथे मेण भरपूर असतं, म्हणून जास्त भीती.

हे मी वाचून शिकले नाही. एक ग्लास होता, सहा बैठका अगदी शहाण्यासारख्या दिलेल्या. सातव्या वेळी मी जवळच बसून दुसऱ्या ओतणीचं वजन करत होते. आधी वास बदलला, जरा करपट. वळून पाहिलं तर ज्योत दुप्पट उंच, टोकाला काळा धागा सुटलेला, आणि वातीच्या शेंड्यावर वाटाण्याएवढं काजळीचं बोंड. ग्लासाला बोट लावलं आणि झटक्यात काढलं. ज्योतीवर झाकण ठेवायला हात पुढे केला तेवढ्यात "टिक्" असा बारीक आवाज झाला. काचेवर खालपासून वरपर्यंत केसासारखी रेघ. खाली ताटली होती म्हणून निभावलं. पाणी ओतायचं सुचलं नाही हे नशीब. तापलेल्या मेणावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि मेण जळतंच उडतं.

तेव्हापासून माझ्या वहीत पहिल्या पानापेक्षा शेवटच्या पानाला मान आहे. वातीचा निकाल शेवटच्या एक तृतीयांश मेणात. तळाशी बोटाच्या पेरापेक्षा कमी, म्हणजे सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबायचं, तिथून पुढे ज्योत काचेच्या बुडालाच तापवते. आणि पहिल्या वेळी कडेला थोडं मेण चिकटून राहिलं तर राहू द्या. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत ते आपसूक खाली येतं.

मिश्र मेणाकडे मी वळले ती आळसामुळे. नुसत्या सोयावर पांढरी बर्फासारखी नक्षी येते, जाळून गार झालेला पृष्ठभाग फुलकोबीसारखा खडबडीत होतो. दोन्ही निरुपद्रवी, पण घेणारा तक्रार करतो. तीन भाग पॅराफिन सात भाग सोयात गेलं की वर गुळगुळीत येतं आणि जळताना वासही लवकर सुटतो. बदल्यात वात एक नंबर खाली, म्हणजे बारीक, उतरवावी लागली. मधमाशीचं मेण घालून पाहिलं, ते बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळतं, तिथे उलट वात चढवावी लागली. थोडक्यात, मेण बदललंत की वही नवीन.

"सोया स्वच्छ जळतं, काजळी धरत नाही" हे मी आता कुणाला सांगत नाही. वात मोठी असेल, वारा असेल, तर सोयाही काच काळी करतं. नीट वातीचं पॅराफिन करत नाही.

वासाची चाचणी स्वतः करू नका, एवढंच त्याबद्दल. दिवसभर तेलं हुंगलेलं नाक संध्याकाळी काहीही सांगतं. बाहेरून आलेल्या माणसाला दारातच विचारा, आणि कशाबद्दल विचारताय ते आधी सांगू नका.

तर, वात कितीची? वात विकणाऱ्याकडे ग्लासच्या आतल्या व्यासाप्रमाणे तक्ता असतो. त्यात तुमच्या मापासमोर असेल ती घ्या, तिच्या खालची एक आणि वरची एक. तीन ग्लास, एकच मेण, एकच वास, बुडाला चिठ्ठी. एकमेकांपासून वीतभर लांब ठेवून शेवटपर्यंत जाळा.

परवा एका बाईंनी तसं केलंही. तीन आठवड्यांनी तिन्ही ग्लासांचा फोटो पाठवला: डावीकडचा बुडालेला, उजवीकडचा गळ्यापर्यंत काळा, मधला स्वच्छ. खाली लिहिलं होतं, "मधली! आता यातच लव्हेंडरऐवजी व्हॅनिला घालते, चालेल ना?"

मी कळवलं, ग्लास धुऊन ठेवा, तिन्ही.