लोण

‘आंदोलनाचं लोण शेजारच्या जिल्ह्यात पोचलं’ असं पेपरात वाचलं की मला आमचं कॉलेजचं मैदान दिसतं. लोण हा आट्यापाट्यांतला शब्द. या खेळात जमिनीवर आडव्या पाट्या, म्हणजे अरुंद पट्टे, आखतात; त्यांवर अडवायला उभ्या असलेल्यांचा हात लागू न देता पाटी ओलांडणं म्हणजे ती तोडणं. सगळ्या पाट्या तोडून पलीकडे जायचं आणि पुन्हा तोडत परत यायचं, तेव्हा लोण पुरं. आम्ही त्या टोकाची चिमूटभर माती मुठीत आणायचो.

मैदान आखायचं काम माझ्याकडे असे. नऊ आडव्या पाट्या, प्रत्येक 23 फूट 1 इंच लांब आणि 13 इंच रुंद. त्यांना मधोमध कापत जाणारी सूरपाटी 89 फूट 1 इंच. सुतळी ताणून, वाकून फक्की टाकता टाकता कंबर धरायची. नऊ जणांनी नऊ पाट्या धरायच्या, पाय पाटीवरून हलू द्यायचे नाहीत. सूर, म्हणजे सूरपाटी सांभाळणारा गडी, मात्र तिच्यावरून धावत यायचा. पुढं पाटीवाला, मागं पाटीवाला आणि बाजूनं सूर, अशी कोंडी झाली की ताकद कामाला येत नाही. तिथं हूलच लागते. समोरच्याचा हात नव्हे, गुडघा बघायचा. तो ज्या अंगाला झुकला त्याच्या उलट सुटायचं.

खेळ पिढ्यान्‌पिढ्यांचा, पण त्याला लेखी नियम मिळाले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात, खो-खोच्याच बरोबरीनं. पुढे खो-खो 2025 साली दिल्लीत विश्वचषकापर्यंत गेला, कबड्डी 1990 मध्येच एशियाडला पोचली. आट्यापाट्यांचा राष्ट्रीय महासंघ 1982 चा, स्पर्धाही होतात, पण कॉलेजच्या पोराला विचारा, नावही ठाऊक नसतं. मला याचं फार वाईट वाटतं. कबड्डी मॅटवर, छपराखाली आली. आमच्या खेळाला नव्वद फूट लांब पट्टा लागतो, आणि कॉलेजांनी आधी मैदानंच विकली किंवा बांधून काढली. आमच्या सूरपाटीच्या जागी आज दुचाक्या लागतात. शिवाय एकाच वेळी नऊ ठिकाणी झुंज चालते; नवख्या प्रेक्षकाला नजर कुठं ठेवावी ते कळत नाही. जाणत्याला मात्र तेच सुख.

गेल्या रविवारी सोसायटीच्या आवारात नातीसाठी खडूनं तीनच पाट्या काढल्या. मधली मी धरली. तिनं डावा खांदा टाकला, मी झुकलो, आणि ती उजवीकडून निघून गेली. हे तिला मी शिकवलं नव्हतं.